चाकाची वाट आणि उताराचं पाणी

सप्टेंबर 2025चा शेवटचा आठवडा आठवा. 22 तारखेला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आणि त्याच दिवसांत सीना, मांजरा, सिंदफणा काठ सोडून रानात शिरल्या. आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाखाली एक दोन फोटो पडले. पहिल्यात सोयाबीनसकट खरवडून गेलेलं रान, खालचा मुरूम उघडा. दुसऱ्यात हार घातलेला नवाकोरा ट्रॅक्टर, 'आता आणखी स्वस्त'. कुणी मुद्दाम शेजारी टाकले नव्हते. पण मला ते एकाच गोष्टीचे दोन फोटो वाटले आणि तेव्हापासून यंत्रं आणि वाहून जाणारी माती हा विषय डोक्यातून जात नाही.

ट्रॅक्टरमुळे पूर आला असं मला म्हणायचं नाही. पाऊसच तसा होता. नदीनं जिथं काठ कापला तिथं कोणत्याही पद्धतीची शेती टिकली नसती. मी बोलतोय ते नदीपासून दोन-दोन कोस लांब, उतारावर असलेल्या रानांबद्दल. तिथं नदी आली नव्हती. तिथली माती तिथंच पडलेल्या पावसानं, आम्हीच औतानं काढलेल्या तासांमधून, म्हणजे ओळींच्या चरांमधून, खाली ओढ्यात नेली.

मांजरेच्या खोऱ्यात आमचं तिघा भावांचं मिळून 58 एकर रान आहे. सातबारे तीन, पण औत-काठी एक. एवढ्यावर आमच्याकडं माणूस 'बडा शेतकरी' होतो. सीलिंगचा कायदा कोरडवाहूला कुटुंबामागं 54 एकरांवर थांबतो, म्हणजे कायद्यानं परवानगी दिलेली सगळ्यात मोठी कोरडवाहू शेतीसुद्धा ब्राझीलच्या शेतकऱ्याला परसबाग वाटेल. आणि ती तरी किती जणांकडं आहे? महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1970-71च्या कृषिगणनेत 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16च्या गणनेत ते 1.34 हेक्टरवर आलं. तरीही मोठ्या रानावर, मोठ्या यंत्रांनी, माती राखून शेती कशी करावी हा प्रश्न मराठवाड्याचा आहे, असं माझं म्हणणं आहे. कारण मोठं रान म्हणजे एका मालकाचं रान असंच काही नाही.

या विषयावर आपल्याकडं दोन तट आहेत. एक म्हणतो, यंत्रांनी माती मारली, बैलाकडं परत चला. दुसरा म्हणतो, तुकड्यांची शेती परवडत नाही, जमिनी एकत्र करा, कंपन्या येऊ द्या. पहिल्या तटातल्या मंडळींना मी नम्रपणे विचारतो, बैलजोडी सांभाळायला सालगडी कुठून आणू? पोळ्याला आमच्या गल्लीत आता मातीचे बैल पुजतात आणि दारातल्या ट्रॅक्टरला झूल घालतात. दुसऱ्या तटाला एवढंच सांगतो, की निजामाच्या काळातल्या जहागिऱ्या या भागानं भोगल्या आहेत. मराठवाड्याला लागू असलेला 1950चा हैदराबाद कुळकायदा त्यातूनच आला. जमीन एकदा दुसऱ्याच्या नावावर गेली की परत येत नाही, ही भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे.

यंत्रांना सरसकट नावं ठेवायचा हक्क मला नाही, कारण मी स्वतः रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं यंत्र, घेतला होता. 2013 साली, आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर, अनुदान मिळालं म्हणून. गरज आधी आणि यंत्र नंतर असा आपला क्रम नसतोच, यादीत काय आहे ते आधी बघायचं. पहिल्या वर्षी रान असं दिसलं की शेजारपाजारचे बघायला आले. ढेकूळ म्हणून नाही, सगळं पिठासारखं. त्या पिठावर पहिला मोठा पाऊस पडला आणि वर पापुद्रा धरला. सोयाबीनचे कोंब त्याच्याखाली वाकडे होऊन बसले. दुबार पेरणी केली, दोष बियाण्याला दिला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाइपलाइनसाठी चर खणताना दिसलं, वीतभर खाली एक तव्यासारखा थर बसलाय. टिकावाचा घाव त्याच्यावर वाजत होता. तुरीचं सोटमूळ तिथवर जाऊन काटकोनात वळलेलं. ज्या तुरीच्या भरवशावर आपण म्हणतो की पाऊस गेला तरी खोलून पाणी ओढील, तिला खाली जायला वाटच नव्हती. वर रोटाच्या पात्यांनी माती दळली, खाली त्याच पात्यांनी ती घोटली, आणि दोन टनांचं धूड दरवर्षी नव्या जागेवरून फिरलं.

आता यातली उलटी बाजू. काळ्या रानाला नांगर लागतोच कशाला? बेसॉल्ट झिजून झालेली ही चिकण माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसाळ्यात खालची वर ढकलली जाते. काळी स्वतःला नांगरते, असं जुनी माणसं म्हणायची आणि मातीचं शास्त्रही तेच सांगतं. आमचा आजा दरवर्षी नांगरत नव्हता. कुंदा किंवा हरळी हे तण फार माजलं तरच सहा बैलांचा नांगर धरायचा, एरवी वखराच्या दोन पाळ्या घातल्या की रान पेरणीला तयार. दरवर्षी पल्टी मारायची, म्हणजे नांगरानं माती उलथून टाकायची, रीत आमच्याकडं ट्रॅक्टरबरोबर आली. ती परंपरा नाही, फार तर पन्नास वर्षांची सवय आहे. त्यामुळं विनानांगरट शेतीला कुणी विदेशी खूळ म्हटलं की मला हसू येतं.

ही सवय सुटत का नाही, याचं एक कारण कुणी बोलून दाखवत नाही. ते म्हणजे नंबर. काळ्या रानाचा वाफसा, म्हणजे मशागतीला बेताची ओल, फार थोडे दिवस टिकतो. त्याआधी शिरलात तर चाकाखाली चिखल दाबला जातो, नंतर शिरलात तर ढेकळं निघतात. ज्याच्याकडं तीन एकर आहे त्याला वाफसा कळत नाही असं नाही, माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण त्याचा ट्रॅक्टर भाड्याचा असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर वाफसा बघून येत नाही, नंबर लागेल तेव्हा येतो. मग रान ओलं असलं तरी 'घाल बाबा' म्हणावं लागतं, कारण पुन्हा आठ दिवस तो दिसणार नाही. उलट ज्याच्या दारात अवजार आहे तो दोन दिवस थांबू शकतो. माती राखायची असेल तर थांबता आलं पाहिजे, आणि दारात पुरेशी यंत्रं असल्याशिवाय थांबता येत नाही. यंत्रविरोधी मित्रांना माझं हे म्हणणं उफराटं वाटतं. पण चिखलात घातलेल्या एका पाळीनं होणारं नुकसान तीन वर्षं निघत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भावकीत जमीन वाटताना प्रत्येकाला रस्ता हवा, विहिरीचा वाटा हवा, वरची हलकी आणि खालची भारी दोन्ही हवी. म्हणून वाटण्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभ्या पडतात. आजोबांचं चौकोनी रान नातवांपर्यंत येता येता लांब पट्ट्यांचं होतं. एखादा पट्टा सत्तर-ऐंशी फूट रुंद आणि हजार फूट लांब. अशा पट्ट्यात उताराला आडवं औत धरायचं म्हटलं तर ट्रॅक्टर वळवण्यातच दिवस जातो. मग सगळे उभेच चालवतात, उताराच्या बाजूनं. प्रत्येक तास पाण्याला सरळ ओढ्याची वाट दाखवतो. 1972च्या दुष्काळात रोजगार हमीवर याच बांधबंदिस्तीची कामं झाली, नंतर पाणलोटातही झाली. पण समतल बांध आणि वाटणीचा बांध यांचं कधी जमलं नाही. समतल बांध फुटले, वाटणीचे कोरून कोरून वितभर उरले, आणि त्या वितेवरून तहसीलला दावे चालू आहेत.

उतार आडवा अडवायचा असेल तर दहा-बारा पट्टे एका दिवशी, एका दिशेनं, एका अवजारानं पेरले गेले पाहिजेत. इथं मोठं रान लागतं. मालकी वेगळी राहू द्या, सातबारा ज्याचा त्याच्याकडं राहू द्या, पिकाचा पैसाही ज्याचा त्याला मिळू द्या. फक्त पेरणीची ओळ बांधाला न विचारता जाऊ द्या. पेरणीयंत्र हायड्रॉलिकवर उचलता येतं, वितभर बांध ओलांडायला त्याला काही होत नाही. अडतं ते आपल्या मनात.

ओळ ठरली की दुसरी गोष्ट चाकाची. रुंद वरंबा सरी, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, तिचा उगम आपल्यापासून फार लांब नाही. झहीराबादमार्गे हैदराबादला जाताना लागणाऱ्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट'मध्ये, 1972ला स्थापन झालेल्या संस्थेत, काळ्या जमिनीसाठी हे तंत्र बसवलं गेलं. मीटरभर रुंदीचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी. पाऊस कमी झाला तर ओल धरते, जास्त झाला तर सरीतून पाणी सावकाश निघतं, रान चिभडत नाही. तिथं 1976पासून दोन पाणलोट शेजारी-शेजारी चालवले गेले. एकात जुन्या रीतीनं पावसाळाभर रान पड ठेवून रब्बीचं एक पीक, दुसऱ्यात वरंबे, सुधारित वाण, माफक खत आणि आंतरपीक. दुसऱ्याचं वर्षाचं धान्य हेक्टरी सरासरी 5 टनांच्या घरात राहिलं, पहिल्याचं 1 टनाच्या आसपास. वाहून जाणारी मातीही कित्येक पटींनी कमी. यातलं श्रेय एकट्या वरंब्याचं नाही, तिथं नांगरटही होती, खतही होतं. पण पाऊस तोच, माती तीच.

मग हे तेव्हाच पसरलं का नाही? कारण त्यासाठी बनवलेलं बैलांचं चाकवालं अवजार, ट्रॉपिकल्टर, एका जोडीच्या शेतकऱ्याला झेपणारं नव्हतं. चांगलं अवजार एकेकट्याच्या गळ्यात मारलं आणि ते अडगळीत गेलं. आज ट्रॅक्टरच्या बीबीएफ यंत्रांचंही तेच होताना मी बघतो. गोठ्यामागं गंजणारं एक यंत्र तुम्हालाही माहीत असेल.

आणि जिथं वापरतात तिथं एक मोठी चूक करतात. जूनमध्ये वरंबे पाडतात आणि मार्चमध्ये पल्टी मारून मोडतात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाडतात, पुन्हा डिझेल. वरंबे मोडायचेच कशाला? ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण पाच फूट, म्हणजे सरी ते सरी तेवढंच. चाक कायम सरीतच चालेल असं ठरवलं तर वरंब्यावर आयुष्यात कधी वजन पडत नाही. घट्ट होते ती सरी, आणि तिनं घट्टच व्हायला हवं, पावसातही चाक रुतत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी नांगर सोडला, धसकटं रानात ठेवली आणि प्रत्येक यंत्राची चाकं ठरलेल्या वाटेनंच न्यायची शिस्त बसवली. त्यांची यंत्रं आपल्याहून कितीतरी जड. तरी माती भुसभुशीत, कारण वजन कुठं पडणार हे ठरलेलं.

कायम वरंब्यांची गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातासाठी बसवलेली एसआरटी, म्हणजे नांगर न लावता कायम वरंब्यांवर पेरायची पद्धत हेच सांगते, आणि मराठवाड्यात सोयाबीन-कापसावर ती करून पाहणारे शेतकरी आहेत. आम्ही 2019पासून 58पैकी 22 एकरांवर नांगर बंद केला. पहिल्या वर्षी सोयाबीन शेजाऱ्यापेक्षा कमी आलं, दुसऱ्या वर्षी बरोबरीला, पुढं पावसानं ओढ दिलेल्या एका वर्षी जास्त. एवढ्यावर मी सिद्धान्त मांडणार नाही. जगभरच्या शेकडो प्रयोगांचा ताळा 2015 मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. नुसती नांगरट बंद केली तर उत्पन्न घटतं, पण अवशेषांचं आच्छादन आणि पिकांची फेरपालट जोडीला असेल तर कोरडवाहू भागात ते 7 टक्क्यांच्या आसपास वाढतं, असा तो निष्कर्ष. नांगर सोडला पण रान उघडंच ठेवलं आणि सोयाबीनवर सोयाबीन घेत राहिलं, तर काही हाती लागणार नाही. आमच्याकडं बहुतेकांचं फसतं ते इथंच.

सोयाबीन म्हटलं की ब्राझील आठवतो, आणि पुन्हा 1972 साल आठवतं. पाराना प्रांतातला हर्बर्ट बार्ट्झ नावाचा शेतकरी नांगरलेलं रान पावसात धुऊन जाताना बघून वैतागला. अमेरिकेत केंटकीला जाऊन विनानांगरट पेरणी बघून आला, यंत्र मागवलं आणि त्या साली नांगर न लावता सोयाबीन पेरलं. त्याला वेड्यात काढलं गेलं. पुढं तिथल्या शेतकऱ्यांनी 'गांडूळ क्लब' काढला, एकमेकांच्या रानांत जाऊन चुका बघितल्या, लोहारांकडून यंत्रं सुधारून घेतली. आज त्या देशात तीन कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्र असं पेरलं जातं. त्याच 1972ला परभणीत आपलं कृषी विद्यापीठ सुरू झालं. तुलना करून कुणाला कमी लेखायचं नाही. पण सोयाबीन आपण घेतलं, ते पेरायची रीत मात्र घेतली नाही.

आता अडचणी. त्या लपवल्या की पहिल्याच वर्षी शेतकरी शिव्या घालून परत पल्टीकडं जातो.

सगळ्यात मोठी अडचण तण. नांगर थांबला की पहिली दोन-तीन वर्षं हरळी आणि लव्हाळा डोकं वर काढतात. एसआरटीत त्याचा बंदोबस्त बराचसा ग्लायफोसेट या तणनाशकावर आहे, आणि केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले. मला स्वतःला ते औषध आवडत नाही आणि त्याच्याशिवाय पहिली वर्षं आम्ही काढलीही नाहीत. दोन्ही खरं आहे. माती राखायला मातीवर विष, हा टोमणा मी ऐकून घेतो. पण नांगरटीनं वाहून गेलेली माती परत आणायचं कुठलंच औषध नाही, तणनाशक निदान वर्षागणिक कमी करता येतं. आमचं तिसऱ्या वर्षापासून कमी झालं, कारण रान झाकलं गेलं. उथळ कोळपणी अजूनही करतो, त्यात काही पाप नाही.

झाकायला काय? कडबा रानात ठेवा असं कुणी म्हणाला तर त्याला दुष्काळात मराठवाड्यात आणून सोडावं. ज्वारीचा कडबा जनावराचाच. पण कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जनावरं खात नाहीत, त्या आपण जाळतो. श्रेडर फिरवला तर त्यांची कुट्टी तिथंच पडते. सोयाबीनचं तर यंत्रावरच ठरतं. मळणीयंत्रावर केलं की गुळीचा, म्हणजे भुसकटाचा, ढीग बांधावर लागतो आणि बहुतेक ठिकाणी पेटवला जातो. ऑक्टोबरात पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टरनं काढलं की भुसकट रानातच पडतं, फक्त मागं पसरणी बसवलेली हवी, नाहीतर एकाच पट्ट्यात थर होतो. त्या हार्वेस्टरचं वजन मात्र ट्रॅक्टरच्या काही पट, आणि ओल्या रानात ते घातलं की सगळ्या कमाईवर पाणी. उंचावर शेंगा धरणारे, यंत्रानं काढता येणारे वाण आता आहेत. सोयाबीनचा परभणीचा एमएयूएस 162, हरभऱ्यात राहुरीचा फुले विक्रम. म्हणजे यंत्र, वाण आणि माती ही तिन्ही एकाच वेळी ठरवायची गोष्ट आहे, आणि आपल्याकडं ती तीन वेगळ्या खिडक्यांवर मिळते.

आणि गोगलगायी. 2022च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवला शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब रातोरात फस्त केले. झाकलेल्या, ओल्या रानात त्यांना जास्तच फावतं. आमच्या बायकांनी पहाटे बादल्या भरभरून वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या. त्या वर्षी माझा भाऊ आच्छादनाला मनातून शिव्या देत होता आणि मी काही बोललो नाही. कृषी विभाग हुमणीसाठी, बोंडअळीसाठी उन्हाळी खोल नांगरट सांगतो, त्यामागंही कारण आहे. पण 'तीन वर्षांतून एकदा' हा मूळ सल्ला. शेतात पोचेपर्यंत त्यातला 'तीन' गळून पडतो.

म्हणून मला सरकारशी भांडायचंय ते मुख्यतः अनुदानाच्या यादीवरून. 2014-15पासूनच्या यांत्रिकीकरण अभियानात अवजारांना 40 ते 50 टक्के अनुदान मिळतं. यादीत बीबीएफ यंत्र आहे, शून्य मशागतीचं पेरणीयंत्र आहे, श्रेडर आहे आणि रोटाव्हेटरही आहे. माती राखणारं आणि माती दळणारं एकाच दरात. पोर्टलवर नंबर लागतो, यंत्र विकलं गेलं की योजना यशस्वी. रान पुढं कसं राहिलं हे कुणी विचारत नाही. 2015पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत 12 घटक मोजलेले असतात. त्यात सेंद्रिय कर्ब आहे, चांगलं आहे. पण त्या रानात तासाला किती पाणी मुरतं, वीतभर खाली तवा बसलाय का, हे त्यात नाही. पावसावरच्या शेतीला हे दोन आकडे नत्र-स्फुरदाइतकेच लागतात, आणि पहिला मोजायला तळ नसलेला एक डबा आणि बाटलीभर पाणी पुरतं.

ज्याचा तवा आधीच बसलाय त्याला खोलवरचा थर फोडणारा सबसॉयलर एकदा लावून देण्यात मला गैर वाटत नाही. पण रोटाव्हेटरचं अनुदान कोरडवाहू काळ्या जमिनीच्या तालुक्यांत बंद करावं. ज्याला हवा त्यानं स्वतःच्या पैशानं घ्यावा. वाचलेला पैसा यंत्राला न देता कामाला द्यावा. सलग शंभर एकर, उताराला आडवी पेरणी, कायम वरंबे, जमिनीवर आच्छादन, एवढं दिसलं की हेक्टरी 5 हजार रुपये दरवर्षी त्या गटाला. हे महाग वाटतं? 2025च्या पुरानंतर राज्य सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाख रुपये जाहीर केले. ते द्यायलाच हवे होते. पण त्या एका हेक्टराच्या पैशात माझ्या हिशेबानं 69 वर्षं रान राखता येतं. माती गेल्यावर साडेतीन लाख मोजणारं सरकार ती असताना पाच हजार मोजायला बिचकतं, याचं कारण मला एकच दिसतं. खरडलेल्या रानाचा पंचनामा होतो, न खरडलेल्याचा होत नाही.

कुणी चालवायचं हे? भाड्यानं अवजारं देणाऱ्या अवजार बँका आहेत, 2020पासूनच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या शेतकरी कंपन्याही आहेत. त्यांतल्या बऱ्याच खत-बियाण्याच्या दुकानापुरत्या उरल्या आहेत. त्यांना एक शिवार द्या. पेरणीयंत्र, श्रेडर, फवारणी आणि दोन शिकलेले चालक. चालक शिकलेला नसेल तर सगळं मुसळ केरात. सरीतून चाक न घसरू देणारा चालक हाच या शेतीचा खरा कारागीर आहे, आणि आपण त्याला तासावर पैसे देतो. मग तो पळवणारच.

बटईचा, म्हणजे दुसऱ्याचं रान वाट्यानं कसण्याचा, प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. गावातला निम्मा माल आता बटईदार पिकवतो, असं माझं नुसत्या नजरेचं मोजमाप. पण कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीनं बटई तोंडी आणि एका सालाची. ज्याला पुढच्या वर्षी हे रान मिळेल का माहीत नाही, तो वरंबा कशाला जपेल? नीती आयोगानं 2016 मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला होता. मालकी शंभर टक्के सुरक्षित ठेवून पाच वर्षांचा लेखी करार करता आला, तर माती राखण्यात कसणाऱ्याचाही स्वार्थ तयार होईल. आणि परभणीच्या विद्यापीठाकडं शेकडो एकरांचं सलग रान आहे. त्यातल्या शंभर एकरांत दहा वर्षं कायम वरंबे ठेवावेत, बाजूला शंभर एकर पल्टी-रोटावर, आणि दोन्हींचा डिझेलसकट जमाखर्च दरवर्षी उघडा करावा. हरलो तर मी नांगर हाती घेईन.

आमच्याच शिवारात मी दोन वर्षं फिरतोय. ओढ्याच्या अलीकडं सव्वाशे एकर, अकरा खातेदार. कागदावर सगळ्यांना पटतं. तिघांचे एकमेकांवर दावे आहेत, ते म्हणाले आधी मोजणी होऊ द्या. एकाला वाटतं यात माझा काही डाव आहे. 58 एकरवाल्यानं दोन एकरवाल्याला एकत्र येऊ म्हणावं, यात त्याला शंका येणारच, मलाही आली असती. सात जण मात्र तयार झाले, आणि यंदा उन्हाळ्यात आम्ही फक्की टाकून ओळी आखल्या. बांधावरून, धुऱ्यावरून, आडव्या.

आठवा माझा चुलतभाऊ. त्याचा पट्टा मधोमध येतो, त्याच्याशिवाय ओळ तुटते. रात्री दहाला त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, धर माझंबी. पण रस्त्याकडचं अर्धा एकर मी पल्टी मारून घेणार. पोरीला बघायला पाव्हणे येणार हायेत. रान पडिक दिसलं तर काय म्हणतील?"

मी बरं म्हणालो.